नायक भंडारीची मराठी

माझं शेवटचं पोस्टिंग संभाजीनगरच्या छावणीत होतं. मी हवालदार. गाव वैजापूरकडचं, त्यामुळे घर जवळ. नायक भंडारी तिथंच भेटला. गढवालचा, इंजिनिअर कंपनीतला, बोट चालवण्यात तरबेज.

सकाळी पीटी, मग बोटी आणि दोरखंडांची तपासणी, दुपारी क्लास. संध्याकाळी बाकीचे व्हॉलीबॉल खेळत. भंडारी भाजीबाजारात जाऊन बायकांशी बोलत बसे. परत आला की मला प्रश्न.

"उस्ताद, कुएँ को विहीर बोलते हैं ना? फिर वो ताई हिर क्यों बोली?"

"खेड्यात तसंच म्हणतात."

"क्यों?"

जन्मापासून बोललेल्या शब्दाचा मी कधी विचारच केला नव्हता.

एकदा मी त्याला म्हणालो, "तुझी बदली होईल. प्रमोशनचं वाच. या मराठीचे मार्क कोण देणार?"

तो हसला. "अभी तो यहीं हैं ना, उस्ताद. लोग क्या बोल रहे हैं, समझना तो चाहिए."

त्या पावसाळ्यात गोदावरीचं पाणी आमच्या तालुक्यातल्या गावांत शिरलं. आमची तुकडी पहाटे निघाली. माझी बोट शाळेकडे गेली, भंडारीची मळ्यातल्या वस्तीवर. तिथं एका स्लॅबवर म्हातारा, म्हातारी आणि त्यांची गरोदर सून अडकली होती.

पुढचं मला त्याच्या जवानांनी नंतर सांगितलं. वस्तीजवळ बोट कुंपणाच्या तारेत अडकली. भंडारीनं जवानांना दोर बांधून पाण्यात उतरवलं. पाणी कमरेइतकं, गढूळ. सरळ पुढची वाट सगळ्यात जवळची दिसत होती. म्हातारी हात हलवून ओरडायला लागली, "हिर हाय, हिर!"

पुढचा जवान म्हणाला, "किसी हीरा को बुला रही है." आणि त्यानं पाऊल उचललं.

"रुक! कुआँ है!" भंडारी ओरडला. मग स्लॅबकडे बघून म्हणाला, "आजी, कोणत्या बाजूनं येऊ?"

"चिंचंकडनं ये, बाबा!"

माझ्या वायरलेस सेटवर भंडारीचा आवाज आला. "अल्फा वन, अल्फा टू बोल रहा हूँ. आगे खुला कुआँ. चिंच की तरफ से जा रहे हैं. ओव्हर."

घाईत तो इमलीला चिंच म्हणाला होता. मी म्हणालो, "रॉजर."

सून आणि म्हातारी बोटीत आल्या. म्हाताऱ्याला आणायला भंडारी स्वतः दोर बांधून गेला. त्याला बोटीत चढवत असताना धारेतून बाभळीचं झाड वाहत आलं. भंडारीनं म्हाताऱ्याला आत ढकललं. झाड भंडारीवर आदळलं. जवानांनी दोर ओढला. तो तुटलेला होता.

संध्याकाळी त्याचा देह खालच्या अंगाला सापडला.

पूर ओसरल्यावर मी वस्तीवर गेलो. सुनेच्या मांडीवर तान्ही मुलगी होती. म्हातारीनं विचारलं, "त्यो कुठल्या गावचा व्हता?"

"लई लांबचा, आजी. तिकडं गढवालात, डोंगरातला."

"नाय. त्यो आपल्याकडचाच व्हता."



आता निवृत्त होऊन शहरातच राहतो. भंडारीच्या आईला अधूनमधून फोन करतो. वस्तीवरून आलो तेव्हा पहिल्यांदा केला होता. तो म्हातारीला 'आजी' म्हणत मराठीत कसा बोलला, ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "आजी मतलब?"

"माताजी, आजी मतलब दादी."

"ठीक से बोला था?"

"एकदम ठीक," मी म्हणालो.