वहिनीची झोप

शांत बसायला समिती लागते, हे मला आमच्या विद्यापीठात आल्यावर कळलं. ध्यान दिवसाच्या बैठका महिनाभर चालल्या होत्या, आणि त्यात जी भांडणं व्हायची ती खाली माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायची. मी सभागृहं सांभाळते. किल्ल्या, खुर्च्या, गालिचे, माईक, पडदे, सगळं माझ्याकडे. कोणी खुर्ची फरशीवरून ओढत नेली तर मी तिथल्या तिथे झापते, मग तो प्राध्यापक असो नाहीतर शिपाई. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे.

वहिनी आमच्याच ग्रंथालयात पुस्तकं बांधते. तळमजल्यावर मागच्या अंगाला तिची खोली. लांबलचक टेबल, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत आणि भिंतीजवळ कागद कापायचं मोठं मशीन. फाटकं पुस्तक हातात आलं की आधी ती त्याचा कणा बोटांनी चाचपते. मग जुना दोरा उसवते, पानांच्या घड्या सुट्या करते, दाभणाने भोकं मोकळी करून नव्या दोऱ्याने शिवायला घेते. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड बटण लावता येत नव्हतं. खळ ढवळायला म्हणून लागली, आणि तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तिच्याकडून एकच पुस्तक इतक्या वेळा उसवून घेतलं की शेवटी पानांना भोकंच जास्त झाली. आता तिने बांधलेल्या पुस्तकाचं पान फाटेल पण शिवण सुटणार नाही. वाचते का विचाराल, तर नाही. ‘वाचत बसले तर शिवणार कोण,’ म्हणते. ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते, मी वयाने लहान असून तिला सरळ ‘तू’ म्हणते. आमच्यात पहिल्यापासून तसंच पडलं.

माझा दादा विद्यापीठाची गाडी चालवायचा. मुलांना सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्याने गाडी जागेवर लावली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिथेच संपला. वहिनी रडली नाही. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि ती कामावर हजर झाली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मला ते खंबीरपण काही बरं दिसत नव्हतं.

घरात आता ती एकटीच, आणि झोप मात्र गेली ती गेलीच. गरम दूध झालं, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं. तिच्या शेजारच्यांना मी दम दिला की रेडिओ हळू लावा, माझ्या वहिनीला झोप लागत नाही. भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळसुद्धा काढून ठेवलं.

“अगं, पण पडल्यावर होतं काय तुला?” मी विचारायची.

“काही होत नाही, वन्सं. काहीच होत नाही.”

असल्या उत्तराचं मी काय करणार? मी आणखी एक गोळी द्यायची.

मग एके दिवशी मशीनवर तिचा डोळा लागला. अगदी क्षणभर, पण पातं खाली आलं. बोट वाचलं, नखाचा तुकडा गेला, आणि एका विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध तिरका कापला गेला. ग्रंथपाल भला माणूस आहे. ओरडला नाही, पण मशीनची किल्ली काढून घेतली. “नीट झोप लागेपर्यंत मशीन बंद,” म्हणाला. “सत्र संपेपर्यंत असंच राहिलं, तर तुम्हाला वर काउंटरला घ्यावं लागेल. माझा नाइलाज आहे.” काउंटर म्हणजे दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारणं. वहिनीचं सगळं त्या खालच्या खोलीत होतं. दादा गेल्यावर ती कशाच्या जोरावर उभी असेल तर त्या दाभणाच्या. मला खरंच भीती वाटत होती. भाऊ गेला, आता ही पण हातची जाते की काय.

म्हणून त्या ध्यान दिवसाला मी तिला ओढून आणलं. कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलं होतं, ‘दुपारी विश्रांतीचा अभ्यास, पडून.’

“वन्सं, पडायला इथे कशाला? घरी पडतेच की.”

“घरी पडून काय उजेड पाडलास? इथे पड.”

मोठ्या सभागृहातल्या खुर्च्या मी आदल्या दिवशीच हलवून प्रत्येकाला एकेक गालिचा आणि उशी मांडली होती. शिकवायला आलेल्या बाईंचा आवाज इतका हळू की तो ऐकू यावा म्हणूनच माणसं गप्प बसत. सकाळी हिरवळीवर सावकाश चालणं झालं. गणिताचे दोन प्राध्यापक डोळे मिटून चालता चालता एकमेकांवर आदळले. मग एकेक मनुका देऊन ती सावकाश खायला सांगितली. तेवढ्या वेळात मी अर्धं सभागृह झाडून काढलं असतं. नियम एकच, संध्याकाळपर्यंत कोणी बोलायचं नाही. माझ्या खात्यातल्या बायकांनी माझ्यावर पैज लावली होती. कोणीही माझ्या बाजूने लावली नव्हती.

बोलणं बंद व्हायच्या आधी बाईंनी मला बाजूला घेऊन काम सांगितलं होतं. पडून अभ्यास करताना काहींना झोप लागते, लागू दे, पण कोणी घोरायला लागलं तर पायाला हलकेच हात लावून उठवायचं, बाकीच्यांना त्रास नको. मी म्हटलं, हे जमेल.

दुपारी सगळे आडवे झाले. वहिनी शेवटच्या रांगेत, भिंतीकडेला. हात पोटावर, डोळे टक्क उघडे. तिच्या शेजारी परीक्षा विभागाचे साहेब. निकालाचे दिवस होते, बिचाऱ्याने पंधरवडाभर गादी पाहिली नसावी. बाई म्हणाल्या, पायाच्या अंगठ्याकडे लक्ष द्या. मग घोट्याकडे. त्या गुडघ्यापर्यंत पोचेतो साहेब पार झोपेत गेले. आधी नुसती शिट्टी वाजली, मग घशातून खरखर निघाली, आणि मग असं जोरदार घोरणं सुरू झालं की पुढच्या रांगेतल्या माना वळल्या.

मी चवड्यांवर धावले. साहेबांच्या पायाकडे हात नेला, आणि सहज शेजारी पाहिलं. वहिनीचे डोळे मिटलेले होते. तोंड जरासं उघडं, एक हात पोटावरून घसरून गालिच्यावर पडलेला. श्वास लांब आणि जड. ती झोपली होती.

माझा हात तसाच राहिला. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. दादा असाच घोरायचा, आधी शिट्टी, मग खरखर, मग घर डोक्यावर. वहिनीची जन्माची तक्रार, ‘एक रात्र तरी माणसाला सुखाने झोपू द्या हो.’ आता तशी रात्र रोज येत होती. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं? रेडिओ बंद केला, घड्याळ काढलं, घर आणखी चिडीचूप केलं. ती शांतताच तिला खात होती, आणि मी मूर्ख तिला गोळ्या देत होते.

मी हात मागे घेतला आणि साहेबांच्या पायाशी बसले. आता त्यांना उठवायला कोणी आलं असतं, तर त्याची गाठ माझ्याशी होती.

आलाच एक. तरुण प्राध्यापक, कपाळाला आठ्या. मी आडवी उभी राहिले. त्याने साहेबांकडे बोट दाखवलं, मी वहिनीकडे दाखवलं. तो पाहत राहिला. दादाच्या गाडीतून शिकायला येत प्राध्यापक झालेला मुलगा तो, वहिनीला ओळखत होता. आठ्या गेल्या. तो परत जाऊन आडवा झाला.

एवढ्यात साहेब कुशीवर वळले आणि घोरणं थांबलं. सभागृह एकदम सुनं झालं. वहिनीच्या पापण्या हलल्या. गालिच्यावरचा हात काहीतरी शोधल्यासारखा सरकायला लागला. परीक्षा विभागाच्या साहेबांच्या डोक्याखालची उशी काढणं हे माझ्या नोकरीत बसत नाही, पण मी ती काढली. सावकाश, इंचाइंचाने. साहेब पुटपुटले, पाठीवर झाले, आणि पुन्हा सुरू झाले, ते वरच्या गिअरमध्येच. वहिनीचा हात थांबला.

वेळ संपली तशा बाई पितळी घंटा घेऊन आल्या. मी पुढे होऊन त्या घंटेलाच मूठ घातली. बाई चकित. आता सांगू कसं? तळहातावर गाल ठेवून दाखवला, वहिनीकडे मान केली, बोटांनी ‘नाही, नाही’ केलं, आणि पुढे दादा कसा दाखवायचा ते सुचेना. मला रडूच आलं. तोंड उघडायची बंदी, त्यामुळे नुसतंच पाणी गळत राहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं, घंटा पिशवीत ठेवली आणि लोकांना हातानेच हिरवळीकडे जायला सांगितलं. माणसं चपला हातात घेऊन एकेक करून निघाली. एकानेही दार वाजू दिलं नाही. त्या दारावरून मी वर्षानुवर्षं घसा फोडतेय.

उन्हं उतरल्यावर साहेब स्वतःच्याच घोरण्याने दचकून उठले. रिकामं सभागृह, पायाशी मी, माझ्या मांडीवर त्यांची उशी. ते पार ओशाळले. आवाज थांबल्यावर वहिनीही जागी झाली. गालावर गालिच्याची नक्षी उमटली होती.

“माफ करा हो,” साहेब तिला म्हणाले. “माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला असेल. घरीसुद्धा सगळे वैतागतात.”

“नाही हो,” वहिनी म्हणाली. “खूप दिवसांनी घरात कोणीतरी असल्यासारखं वाटलं.”

आणि मग ती रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, मोकळी होऊन. मी तिला धरून बसले. साहेबांना काय करावं कळेना, म्हणून ते आपला गालिचा गुंडाळत बसले, तोही वाकडा. मी त्यांना काही बोलले नाही.

मशीनची किल्ली तिला सत्र संपायच्या आतच परत मिळाली, पण ते पुढचं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “इलाज कळला, पण आता रोज परीक्षा विभागाचे साहेब कुठून आणायचे?”

“साहेब कशाला?” तो म्हणाला. “तूच जा की.”

“म्हणजे?”

“तुझा दादा घरातल्या घरात घोरायचा. तुझं शेजाऱ्यांना ऐकू जातं.”

मी त्याला बरंच सुनावलं. बायका घोरत नाहीत, माझ्या माहेरी कोणाला विचार, वगैरे. तो हसतही नव्हता, हे वाईट. आमचा मुलगा आतल्या खोलीतून म्हणाला, “आई, मी कानात कापूस घालून अभ्यास करतो.” तेव्हा मी उठले. चादर घेतली, उशी घेतली आणि दोन गल्ल्या चालत वहिनीकडे गेले.

तिने दार उघडलं. दादाच्या बाजूची गादी झटकली, माझी चादर अंथरली. मी म्हटलं, “दिवसभर दमली आहेस, डोळे मीट आता.” तिने दिवा मालवला, आणि माझ्याकडे तोंड करून आडवी झाली.

“वन्सं,” ती म्हणाली, “आधी तुम्ही झोपा.”