धुरपताबाईंचा चीक

धुरपताबाईंची व माझी ओळख प्रौढ साक्षरता वर्गामुळे झाली. आंजी गावच्या बुद्धविहारामागील खोलीत आमचा वर्ग भरे आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये बचत गटाच्या कुरडया होत. बाराखडीबरोबर बाईंचे रागावणेही मला पाठ झाले.

चाळीस उन्हाळे गव्हाचा चीक घोटून बाईंचा उजवा खांदा निकामी झाला होता. म्हणून गटाने ढवळण्याचे यंत्र आणले. पण यंत्र चालवणाऱ्यांना चीक कळेना, आणि बाईंच्या जिवाला नवाच घोर लागला. दोन मोटारी जळल्या होत्या. तिसरी जळाली तर यंत्र विकून टाकायचे, असे गटाने ठरवले होते. आणि यंत्र गेले की बाईंचे कुरडयांचे कामही संपले.

एके दिवशी सकाळी गटाची अध्यक्ष सरिता हिने वरचे आंबूस पाणी ओतून दिले आणि तळाशी बसलेल्या चिकात यंत्राचा दांडा घालून थेट बटन दाबले. मोटार घुरघुरली व जागीच अडकली. जळका वास सुटला. बाईंनी धावत जाऊन तार उपटली.

"काऊन वं सरिता, तुले कितीदा सांगू? जोरात फिरवलं का तो दगड होते."

"पातळच तं दिसते, मावशी."

"दिसते. लग्नात माहा नवराबी गरीब दिसे."

वर्ध्याहून मेकॅनिक मुकेश आला. मोटार थोडक्यात वाचली होती.

"काकू, याच्याहून ताकदीची मोटर बसवा," तो म्हणाला. "नाई तं पाणी टाका."

"पाणी टाकलं का कुरडई तुटते. अन् ताकद कोणाले दाखवून राह्यला? मार बुक्की."

मुकेशने चिकावर बुक्की मारली. मूठ वरच अडली. बाईंनी शेजारी दोन बोटे अलगद टेकवली. ती दह्यात शिरावीत तशी आत गेली.

"बारीक बारीक कण हायेत, बापू. दाटीवाटीनं बसलेले. हळू जाशील तं बाजूले सरकतात. धक्का देशील तं एकमेकात अडकतात, एसटीच्या दारातल्या लोकायवानी."

मुकेश बोटे चोळत राहिला. बाईंनी डाव्या हाताने चीक तळापासून सावकाश मोकळा केला, मगच यंत्र कमी वेगावर लावू दिले. ते निमूट फिरले.

तरी बाईंचा जीव भांड्यात पडला नाही. दुसऱ्या दिवशी खांद्यासाठी त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात जायचे होते, आणि यंत्रापाशी सरिता एकटीच राहणार होती. संध्याकाळी त्या आमच्या वर्गाच्या दारात येऊन मला म्हणाल्या,

"घनश्यामभाऊ, तुमाले आता लिवता येते म्हणे. माह्या मशीनवर रंगानं लिवून द्या, मोठ्या अक्षरात: आधी हातानं हळू सैल करा, मंग बटन दाबा."