हातवर मास्तर

आमच्या गल्लीत टोपणनावाशिवाय कुणी सुटलेलं नाही. 'हातवर मास्तर' हे नाव मीच ठेवलं आणि ते असं चिकटलं की सासुरवाडीलासुद्धा जावयाचं खरं नाव आठवेना.

नोकरीनं तो पाण्याचे मीटर तपासणारा. दिवसभर लोकांच्या दारात उकिडवा बसून आकडे वाचायचा आणि संध्याकाळी एका रिकाम्या गोदामात मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचा. तेही फुकट. गोदामाच्या मधल्या खांबाला जुनी गादी गुंडाळलेली, पोरी आपटू नयेत म्हणून. जाळं दोन ठिकाणी दोऱ्यानं शिवलेलं. टाके मास्तरच्याच हातचे, आणि अगदी तसेच दिसायचे.

नाव हातवर का, ते सांगतो. जाळ्याशी उडी मारून चेंडू अडवताना तो बोटाला नुसता घासून बाहेर गेला, तरी पॉइंट समोरच्यांचा. घासलेलं पंचाला दिसेलच असं नाही. बोटाला मात्र कळतं. मास्तरचा नियम होता, पंचानं काहीही सांगो, घासलं की आपण होऊन हात वर करायचा.

"कप काळा पडला तर घासता येतो गं," तो म्हणायचा. "माणूस काळा पडला तर कशानं घासाल?"

यावर वहिनी, म्हणजे त्याची बायको, दारातूनच टोला हाणायची. "दूध कुणी उतू घालवलं विचारलं की घरी एकही हात वर होत नाही, ते शिकवा आधी!"

आम्ही हसायचो. तोही हसायचा. पण त्याच्या मुली खरंच हात वर करायच्या. परगावचे पंच चकित व्हायचे, समोरचे संघ गालात हसायचे आणि पॉइंट खिशात घालायचे.

त्या वर्षी अंतिम सामना होता. जिंकणाऱ्या संघातून सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडल्या जायच्या. राहणं, जेवण, शिक्षण आणि पुढे नोकरीची वाट. शेवटच्या पॉइंटला चेंडू बाहेर गेला, पंचानं आपल्या बाजूनं दिला आणि इस्त्रीवाल्याच्या धाकटीनं हात वर केला. सामना गेला. वसतिगृह गेलं. मास्तरनं तिला सगळ्यांपुढे उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि असं भाषण ठोकलं की मीसुद्धा डोळे पुसले. इस्त्रीवाला तेवढा मागे उभा होता, त्यानं टाळी वाजवली नाही. मला तेव्हा वाटलं, अडाणी आहे बिचारा.

पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम सामना. या वेळी जाळ्याशी मास्तरची स्वतःची मुलगी होती. तिला पोरी 'शिडी' म्हणायच्या; बापाच्या डोक्यावरून बघायची. वसतिगृहाच्या वयाचं तिचं ते शेवटचं वर्ष. निवड झाली नाही तर मामाच्या दुकानात बिलं फाडायला बसायचं, हे घरात ठरून गेलेलं.

आपल्याला जिंकायला एक पॉइंट हवा. समोरच्या मुलीनं चेंडू हाणला, शिडी उडाली, चेंडू तिच्या करंगळीला घासून बाहेर पडला. माझी जागा अगदी जाळ्यालगत होती. करंगळी मागे मुडपलेली मी पाहिली. पंचाला काही दिसलं नाही, त्यानं पॉइंट आपल्याला दिला. आपल्या पोरी किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

शिडी हलली नाही. तिनं बापाकडे पाहिलं.

मास्तर खाली वाकला आणि बुटाची लेस बांधू लागला. आता तुम्हाला खरं सांगतो, कारण अशा गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत: त्याच्या बुटांना लेस नव्हतीच. चिकटपट्टीचे बूट.

तो वर बघेपर्यंत पंचानं सामना संपल्याची शिट्टी फुंकली होती.

शिडीची निवड झाली. गल्लीत पेढे वाटले गेले. इस्त्रीवाल्याकडे मास्तर स्वतः घेऊन गेला, हिंमत म्हणायची त्याची! इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली, पेढा उचलला आणि शांतपणे म्हणाला, "बरं झालं मास्तर. माझ्या पोरीचं चारित्र्य घडलं, तुमच्या पोरीचं भविष्य. दोन्ही घरं मार्गी लागली." आणि पुन्हा कॉलर दाबायला लागला. मास्तर बॉक्स बंद करून निघाला. उरलेले पेढे त्यानं कुणालाच दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरावात चेंडू कुणाच्या तरी हाताला घासून बाहेर गेला.

"कुणाला लागला?" मास्तरनं विचारलं.

एकही हात वर गेला नाही.

"अगं, लागला कुणाला?"

"मास्तर, पंचानं दिला नाही ना," सगळ्यात लहान पोर निरागसपणे म्हणाली. बाकीच्या खांबाकडे बघत उभ्या राहिल्या. इस्त्रीवाल्याच्या धाकटीनं गुडघ्याचे पॅड काढले, बाकावर नीट जोडीनं ठेवले आणि निघून गेली. मास्तर तिला हाक मारील म्हणून मी वाट पाहिली. त्यानं शिट्टी वाजवली. "चला, खेळा."

आता त्याच्याकडे मुलींची रीघ आहे. मास्तरच्या हाताखाली वसतिगृहात निवड होते, असं नाव झालंय. आईबाप गाड्या घेऊन येतात. तो उडी शिकवतो, फटका शिकवतो, भाषण देत नाही. कुणालाही त्या भाषणाची उणीव भासत नाही, हे विशेष.

शिडी वसतिगृहाला निघाली त्या सकाळी तिची पेटी उचलायला मी गेलो होतो. मास्तरची कंबर धरली होती. बस सुरू झाली. तेवढ्यात ती खिडकीतून वाकून म्हणाली,

"बाबा, मी हात वर करणार होते. तुमच्या मानेची वाट बघत होते फक्त. तुम्ही नुसती हलवली असती ना, तरी केला असता."

एवढ्या पोरींना शहाणपण शिकवणारा माणूस.

"पाण्याची बाटली घेतलीस ना गं?" तो म्हणाला.

तिनं खिडकीची काच ओढून घेतली.