काचेवरचा नमुना

शेळगावच्या एसटी थांब्यासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. फॉर्म, दाखले, सातबारे सगळं चालतं, पण खरा धंदा लग्नाच्या बायोडाट्यांचा. तुळशीचं लग्न लागलं की उपवर पोरापोरींचे आईबाप माझ्या दारात येऊन बसतात. हिंदूंच्या बायोडाट्यावर गणपती, आमच्या लोकांच्या बायोडाट्यावर बिस्मिल्लाह, आणि दोघांच्याही कडेला मी स्वतः जुळवलेली झेंडूच्या फुलांची नक्षी. कुणी "रंग गोरा लिवा" म्हटलं की मी विचारते, "डोळ्याला दिसतंय ते लिवू, का तुमी सांगताय ते?" लोक हसतात आणि पुढच्या पोरीच्या वेळी पुन्हा माझ्याकडंच येतात. सगळ्या गावाला मी भाभी. माझ्या तोंडाला गाव जरा वचकूनच असतं.

मोबाइलच्या बाबतीत तर मी गावाची बिनपगारी मास्तरीण होते. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येक पोरीला ऐकवायचे: ओटीपी कुणाला सांगू नको, अनोळखी लिंक दाबू नको, प्रोफाइलला स्वतःचा फोटो ठेवू नको. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

गेल्या हंगामात गावातले एक तात्या पोरीचा बायोडाटा करायला आले. त्यांचं ढोबळी मिरचीचं शेडनेट आहे, हिरव्या जाळीच्या मांडवाचं. पोरगी बारामतीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, रोज एसटीनं जाणारी-येणारी. संपर्काला बापाचा नाहीतर मामाचा नंबर टाकायचा, ही आमच्याकडची रीत. पण तात्या म्हणाले, "माझा फोन शेडनेटमधी लागत न्हाय. पोरीचाच टाका. ती लगीच उचलती."

मी टाकला. दोनदा विचार केला नाही.

फोटो कॉलेजच्या कार्यक्रमातला होता, मोरपंखी साडीतला. प्रिंट अशी देखणी आली की माझं मलाच कौतुक वाटलं. एक प्रत मी दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली आणि वर लिहिलं, 'नमुना'. तोच बायोडाटा दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसलाही ठेवला. हंगामात दर वर्षी मी असंच करायचे. कुणालाही विचारत नव्हते, आणि कुणी नको म्हणतही नव्हतं. पोरीची आई तर काचेसमोर थांबून लेकीकडं बघून खूश होऊन गेली होती.

तीन आठवड्यांनी एका दुपारी त्या दोघी मायलेकी आल्या. आई म्हणाली, "भाभी, शटर जरा खाली घ्या." मग तिनं कमरेच्या पिशवीतून पोरीचा फोन काढला. तात्यांनी तो काढून घेऊन कपाटात ठेवला होता, आणि ते रानात गेल्यावर आईनं तो गुपचूप बाहेर काढला होता.

कुणीतरी सोशल मीडियावर पोरीच्या नावानं खोटं खातं उघडलं होतं. तिचा फोटो, तिचा नंबर आणि खाली असं वाक्य, की वाचून माझे कान तापले. दोन दिवस अनोळखी बाप्यांचे फोन येत होते. त्यातल्या एकानं तर तिचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या अंगाला जोडून फोटो पाठवला होता. व्हिडिओ कॉल केला नाहीस तर हा तुझ्या गावभर जाईल, अशी धमकी. असाच एक फोन तात्यांच्या समोर वाजला आणि त्यांनी फर्मान काढलं: फोन बंद, कॉलेज बंद, येईल ते पहिलं स्थळ पक्कं. प्रॅक्टिकल परीक्षा आठ दिवसांवर होती.

"चार वर्षं शिकले भाभी," पोरगी म्हणाली. "आठ दिवसांसाठी सगळं पाण्यात चाललंय."

मी त्या खात्यावरचा फोटो मोठा करून बघितला. फोटोच्या डाव्या कडेला अर्धं कापलेलं झेंडूचं फूल होतं. माझंच. मी उठले, काचेवरचा नमुना टराटरा ओढून काढला आणि दोघींसमोर ठेवला. "ह्यो फोटो हितनंच गेलाय," मी म्हणाले. "माझ्या दुकानातनं." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी शिकवत होते ते प्रोफाइलच्या फोटोबद्दल, आणि गावातल्या पोरींचे फोटो नंबरासकट दर वर्षी मीच चव्हाट्यावर मांडत होते.

रडायला मात्र मला जमत नाही, मला राग येतो. आणि राग आला की मी कामाला लागते.

पहिली पंचाईत अशी, की आईनं निम्मे मेसेज पुसून टाकले होते. आमच्याकडं अब्रूची गोष्ट निघाली की आधी पुसायचं, मग रडायचं. "आता एक अक्षर बी पुसायचं न्हाय," मी ओरडलेच. "घाण हाय म्हणूनच जपायची." उरलेलं सगळं मी छापलं: खात्याचं पान, त्याची लिंक, प्रत्येक नंबर, प्रत्येक मेसेज, तारीख-वेळेसकट. धमकीवाल्याला उत्तर देऊ नको, असं पोरीला म्हटलं, ब्लॉकही सगळं छापून झाल्यावरच कर. सरकारी सायबर पोर्टलवर तक्रार माझ्याच कॉम्प्युटरवरून भरली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी इंदापूरला पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या महिला हवालदारांनी आमची फाइल चाळली. "एवढं नीट कुणी आणत न्हाय," त्या म्हणाल्या. "समदं पुसून येत्यात आन् मग गुन्हेगार धरा म्हणत्यात."

राहिले तात्या. त्यांना गाठायला मी शेडनेटमध्ये गेले. ते मिरची तोडत होते, वर बघेनात.

"तात्या, बायोडाट्यावर पोरीचा नंबर टाका असं कोण म्हणलं?"

"मीच म्हणलो."

"काचंवर कुणी लावला?"

"तुमी."

"मग कॉलेज तिचं का बंद?"

त्यांनी हातातली मिरची क्रेटमध्ये ठेवली. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, भाभी? त्या भाड्यानं उद्या फोटो गावात फिरवला तर?"

"त्यानं फिरवायच्या आत मीच लोकांना सांगते," मी म्हणाले.

पण आधी पोरीला विचारलं. न विचारता एकदा केलं तेवढं पुरे होतं. ती म्हणाली, "माझं नाव घेऊ नगा. पण चूक तुमची हुती, ते सांगा." चांगलीच खमकी निघाली पोरगी.

मग ज्या स्टेटसवर मी बायोडाटा मिरवला होता, त्याच स्टेटसवर स्वतःचं तोंड दाखवून बोलले. एका पोरीचा फोटो आणि नंबर मी तिला न विचारता काचेवर आणि इथं लावला. त्यावरून कुणीतरी खोटं खातं काढलंय, खोटा फोटो बनवलाय. तक्रार झाली आहे. तो फोटो कुणाकडं आला तर पुढं पाठवू नका, पोलिसांना कळवा. पोरीची यात काडीची चूक नाही.

दोन घरं चिडून इंदापूरच्या दुसऱ्या टायपिंगवाल्याकडं गेली. त्यांचं बरोबरच होतं. बाकीच्या बायका दुकानावर आल्या. "भाभी, आमची बी पोर हुती का काचंवर?" हो, होती. मी एकेकीची बोलणी खाल्ली. मग त्याच बायकांनी फोन पुढं केले आणि विचारलं, त्या खात्याची तक्रार कुठं दाबायची? काउंटरसमोर उभं राहून एकेकीनं ती दाबली. कुणी चष्मा विसरली होती, तिला दुसरीनं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी खातं गेलं आणि फोनही कमी होत थांबले. तो माणूस अजून सापडलेला नाही. तपास चालू आहे, आणि मी दर महिन्याला फोन करून हवालदारबाईंचं डोकं खाते.

त्या आठवड्यात पोरीच्या कॉलेजबद्दल तात्यांकडून मात्र काही निरोप नव्हता. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर दुकान उघडलं आणि उगाचच झाडू फिरवत दारात थांबले. बारामतीची गाडी यायच्या थोडं आधी तात्यांची मोटारसायकल आली. मागं पोरगी होती, पांढऱ्या गणवेशात.

तात्यांनी खिशातून तिचा फोन काढला आणि तिच्या हातात दिला. ती माझ्या पायरीवर बसली आणि तिनं सगळ्यात आधी त्याचं लॉक बदललं.

"काय टाकलास नंबर?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय सांगणार, तात्या."

मी झाडू थांबवला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. गाडी येताना दिसली तशी त्यांनी तिची बॅग उचलली.

"नगंच सांगू," ते म्हणाले. "मला बी नगं."