पिवळ्या डब्यातली विहीर

बुधवार पेठेतल्या शिवशरण फोटो स्टुडिओच्या माळ्यावर एक पिवळा डबा होता, आणि तो खाली काढायचा विषय निघाला की नवनाथला हटकून बाहेरचं काम आठवायचं. कधी बॅटऱ्या आणायच्या असत, कधी कुणाचा तरी अल्बम पोचवायचा असे. त्याची बायको चैताली दुकानात एडिटिंग करायची. तिला नव्या प्रिंटरसाठी माळा रिकामा हवा होता.

"अहो, ते डबडं विका, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका," ती म्हणायची. "आता साधा मोबाईल पाण्यात चालतो."

डबा म्हणजे पाण्याखाली शूटिंग करायचा सगळा सरंजाम होता. जाड प्लास्टिकचं कवच, पुढे काच, दोन बाजूंना दिवे, आत टेपवर चालणारा कॅमेरा आणि पाण्यातलं वर बघायला लांबलचक केबलला जोडलेला चिमुकला टीव्ही. मालवणला पर्यटकांना मासे दाखवणाऱ्या एका माणसाकडून नवनाथने तो जुनाच घेतला, तेव्हाही टेपचे दिवस संपलेले होते. पण नवनाथची हौस दांडगी. ज्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे पाण्याखाली शूटिंग करणारे पहिले आपणच, या आनंदात गडी महिनाभर हवेत होता. लग्नाआधीच्या शूटिंगसाठी पहिली नवरी पोहण्याच्या तलावात उतरली आणि तिने पाण्यात डोळे उघडायला साफ नकार दिला. दुसऱ्या जोडप्यातल्या नवरदेवाला सर्दी झाली. तिसरं जोडपं आलंच नाही. पेठेतली पोरं नवनाथला "काय पाणबुडे" म्हणून हाक मारू लागली.

एवढं हसं झालेली वस्तू माणूस आनंदाने विकून टाकेल. नवनाथला ती विकवत नव्हती, ठेववत नव्हती आणि बघवतही नव्हती. त्यातच एप्रिल संपता संपता जेऊरहून आत्याचा फोन आला.

भीमाबाई आत्या म्हणजे नवनाथच्या वडिलांची थोरली बहीण. उजनीच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर वसवलेल्या, जेऊरजवळच्या नव्या गावात ती राहायची. "बुद्धपुर्णिमेला नवा विहार उगडायचा हाय," ती म्हणाली. "काचेचं कपाट केलंय. त्यात तुजं ते यंत्र ठिवायचं, आन शेजारी टीवीवर आपल्या इहिरीची फिलिम. कमिटीनं ठरीवलंय. घिऊन ये."

नवनाथ "व्हय आत्या" म्हणाला आणि फोन ठेवून दुकानाच्या पायरीवर बसून राहिला.

ती विहीर आत्याचा जीव की प्राण होती. जुन्या गावात गावविहिरीवर आपल्या माणसांना पाणी शेंदू देत नसत, म्हणून वस्तीने स्वतःची विहीर खणली. पुढाकार नवनाथच्या आज्याचा, म्हणजे आत्याच्या वडिलांचा; ती त्यांना दादा म्हणायची. दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि संध्याकाळी येऊन खणायचं. आत्या तेव्हा दहा वर्षांची. तिने डोक्यावरून पाट्या भरभरून मुरूम वाहिला. पाणी लागलं त्या दिवशी आज्याने पहिली ओंजळ तिच्या हातात दिली होती. पुढे धरण झालं, आणि घरांबरोबर विहीरही बुडाली. आत्या घराबद्दल फारसं बोलत नसे. विहिरीबद्दल बोलायला लागली की थांबत नसे.

सात वर्षांपूर्वी तिनेच म्हटलं, "तुजं यंत्र पाण्यात बगतंय म्हणं. मग आपली इहीर बग की." नवनाथला कोण हुरूप! एका मच्छीमाराची होडी ठरवून तो धरणात गेला, आणि आत्या काठावर बाभळीखाली भाकरीचं फडकं सोडून बसली. कॅमेरा खाली सोडला. चिमुकल्या टीव्हीवर हिरवं दिसलं, मग गडद हिरवं, मग काळं. जागा बदलून चारदा सोडला, चारही वेळा तेच. ऊन कलल्यावर होडी काठाला लागली. आत्या लगबगीने उठून उभी राहिली. तिचं तोंड बघून नवनाथच्या तोंडून निघून गेलं, "दिसली थोडी. घरी जाऊन साफ करतो."

तेवढ्या एका वाक्यासाठी नवनाथ स्वतःला आजही माफ करत नाही.

घरात त्याच्याकडे दुसरी एक टेप होती. अक्कलकोटकडच्या एका गावात नागप्पा पाटलांच्या विहिरीत पाण्याची मोटार पडली होती, ती शोधायला तो डबा घेऊन गेला होता. पाणी नितळ, दगडी पायऱ्या शाबूत, वरून उन्हाच्या तिरिपी आत उतरलेल्या. काम झाल्यावर पाटलांनी ओसरीवर बसवून आडनाव विचारलं आणि गड्याला कानडीत काही सांगितलं. त्यातला "ब्यारे" एवढा शब्द नवनाथला कळला. ब्यारे म्हणजे वेगळा. बाकीच्यांना कपातून चहा आला, नवनाथला कागदी ग्लासातून. तो प्याला, आभार मानून निघाला, आणि ही गोष्ट त्याने घरी कुणालाच सांगितली नाही.

त्याच विहिरीच्या पायऱ्या त्याने आत्याला आपल्या म्हणून दाखवल्या.

आत्या टीव्हीपुढे बसून रडली. "दादानं केलेलं काम हाय, ढासळलं न्हाय बगा," म्हणाली. चौदा एप्रिलला जुन्या विहारात वंदना झाल्यावर ती फिल्म लागली, नवनाथला शाल मिळाली. मग दर वर्षी लागू लागली. आपल्या पणजोबांची विहीर म्हणून पोरं हात जोडू लागली. नवनाथ दर वर्षी काहीतरी निमित्त काढून जेऊरला जायचं टाळू लागला.

पण खरा गुन्हा त्याच्या पुढचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी उजनी पार तळाला गेली आणि जुनं गाव वर आलं. आत्याचा फोन आला, "पाणी आटलंय म्हणत्यात. ये, मला न्हे." नवनाथ म्हणाला, "आत्या, लई ऊन हाय. चिखलात पाय रुततील. तू फिलिममदी बगितलीय की!" आत्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो मात्र एकटाच गेला. गावची पोरं फिल्ममधली शाबूत विहीर शोधत चिखल तुडवून परत गेली होती. मच्छीमाराने बोट दाखवलं तिथे गाळाने भरलेला एक खड्डा होता आणि नदीकडच्या अंगाला चार पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. नवनाथ त्यांवर बसला. मोबाईलवर फोटो काढला, आणि हा फोटो आत्याने बघितला तर फिल्मचं काय होईल या भीतीने तिथेच पुसून टाकला. पावसाळ्यात धरण भरलं.

हे सगळं त्याने आत्याच्या फोननंतर चैतालीला सांगितलं. फक्त चहाचं तेवढं गाळलं. चैतालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भंगारात द्या. आत्यांना सांगा, चोरीला गेला. त्यांचं वय बघा. आता खरं सांगून तुम्हाला बरं वाटेल, त्यांना काय मिळणार?"

तिचं काही चुकत नव्हतं. नवनाथने डबा स्कूटरवर बांधला आणि भंगारवाल्याकडे नेला. त्याने तो उलटासुलटा केला, काचेत डोकावून बघितलं आणि सहज विचारलं, "ये क्या है भाई? इसमें क्या दिखता था?"

नवनाथने डबा त्याच्या हातातून परत घेतला. पुन्हा स्कूटरवर बांधून तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो डबा मांडीवर घेऊन जेऊरला गेला. आत्या दारात सूप घेऊन डाळ पाखडत होती. डबा बघून तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने काच पुसायला घेतली. नवनाथला वाटलं, असंच उठावं आणि परत जावं.

"आत्या, त्या फिलिममधली इहीर आपली न्हाय."

आत्याचा हात काचेवर फिरतच राहिला. "आपली न्हाय म्हंजी?"

त्याने सांगितलं. होडी, हिरवं पाणी, दुसरी टेप. त्याचं संपल्यावर आत्या म्हणाली, "मग ती इहीर कुणाची?"

"अक्कलकोटकडं एक नागप्पा पाटील हायत. त्यांची मोटार शोधायला गेलतो."

आत्याने काच पुसायचं थांबवलं. मग तिने विचारलं, "चा दिला का त्येंनी तुला?"

"दिला."

"कशातनं?"

नवनाथची मान खाली गेली. "कागदाच्या गलासातनं. बाकीच्यांना कप व्हते."

"आन त्येंच्या पायऱ्या तू मला दादाच्या म्हणून दावल्यास," आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माजी पोरंसोरं त्येंला हात जोडत्यात, नवनाथा."

नवनाथला रडू आलं. आपण आत्याला आनंद दिला, अशी समजूत त्याने मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी जपून ठेवली होती. ती आता उरली नाही.

"पाणी आटलं तवा तू गेलतास का बगायला?"

नाही म्हणणं सोपं होतं. "गेलतो," तो म्हणाला. "आपली दिसली. गाळानं भरलीय. चार पायऱ्या वर हायत."

"कुठल्या अंगाच्या?"

"नदीकडच्या."

"त्या अंगाचा मुरूम मी वायला," आत्या म्हणाली, आणि मग मात्र तिने पदर तोंडाला लावला. "मग मला का न्हेलं न्हाईस रं?"

तिने डोळे पुसले आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

"हे विहारात ठिवायचं न्हाय. इकायचं बी न्हाय. तुज्या दुकानात म्होरं ठिव. इचारील त्येला खरं सांग. आन पुर्णिमेला विहारात बी तूच सांगायचं."

"सांगतो."

"आन परत पाणी आटलं तर मला न्हे. चालता न्हाय आलं तर उचलून न्हे."

पौर्णिमेला नवनाथने विहारात उभं राहून सांगितलं. शाल परत केली, ती कुणी हातात घेईना, म्हणून कोपऱ्यात घडी घालून ठेवली. काचेचं कपाट रिकामंच राहिलं. पिवळा डबा आता स्टुडिओच्या काउंटरवर असतो. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं विचारतात, हे काय हो? नवनाथ सांगतो. काहीजण ऐकून गप्प होतात, काहीजण म्हणतात, त्यात काय एवढं! दोन्ही त्याला सारखंच लागतं. चैतालीने पुन्हा माळ्याचा विषय काढला नाही.

सोलापुरात सकाळी उठून उजनी किती टक्के झाली ते बघायची सगळ्यांनाच सवय असते. टक्के वाढले की माणसं एकमेकांना मेसेज पाठवतात, कारण शहराचं पाणी तिथूनच येतं. नवनाथही बघतो. आकडा घसरला की त्याला बरं वाटतं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लगेच लाजही वाटते. आत्या शहात्तर वर्षांची आहे.

ऑगस्टमध्ये धरणाचे दरवाजे उघडले. पेठेत पोरांनी पेढे वाटले, एक पेढा नवनाथच्याही हातावर आला. तो तसाच हातात धरून त्याने जेऊरला फोन लावला.

"किती झालं पाणी?" आत्याने पहिल्यांदा तेच विचारलं.

"भरलं, आत्या."

"मग यंदा न्हाय," आत्या म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.