विसाव्याच्या दगडाची वाट

लेओंतीन केरोल चालते ती हवा खायला म्हणून नव्हे. ती सूड म्हणून चालते. आमच्या सेले नदीच्या खोऱ्यात शहरातली माणसं पाठीवर पिशव्या आणि दोन्ही हातांत काठ्या घेऊन हौसेनं चालतात, फोटो काढतात आणि रविवारी घरी जातात. लेओंतीन एकोणऐंशी वर्षांची आहे. तिचा उजवा गुडघा कधीच कामातून गेलाय. तरी रोज जेवण झालं की ती वरच्या वाडीतून खाली चर्चपर्यंत उतरते आणि परत चढते. त्या वाटेवर एकच घर लागतं, रेमों वेसिएरचं. त्या घराकडे बघायचं नाही, एवढ्यासाठी ती तिथून जाते.

मी ओगुस्त, गावचा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं मी तिच्याबरोबर झाडा-दगडांवर वाटेच्या खुणा रंगवल्या. त्यामुळे या वैरातलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं आमच्या पाद्र्यालाही नसेल, कारण लेओंतीन त्याच्याकडे कबुली द्यायला जातच नाही. म्हणते, "पश्चात्ताप झाला तर जाईन."

वरच्या वाडीतला माणूस गेला की त्याची पेटी खांद्यावरून याच वाटेनं खाली यायची. निम्म्यावर, रेमोंच्या कुंपणापाशी, एक सपाट चुनखडीचा दगड आहे. तो विसाव्याचा दगड. तिथे पेटी टेकवायची, खांदेकऱ्यांनी खांदा बदलायचा, एकेक घोट वाईन प्यायची आणि पुढे निघायचं. लेओंतीनचा आजा तिथे टेकला, आई टेकली. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत तिचा बाप सेलेस्तँ वारला, तेव्हा पेटी घेऊन आम्ही खाली आलो तर वाटेवर काटेरी तारा आणि तारांच्या आत रेमोंचा बैल.

रेमों तारेच्या पलीकडे उभा होता. म्हणाला, "या वाटेनं आता जातं कोण? मोटारी आल्या की सगळ्यांकडे."

लेओंतीन म्हणाली, "माझा बाप जातोय."

"त्याला काय, तो रस्त्यानंही पोचेल. घाई थोडीच आहे त्याला."

या वाक्यावर दोघंतिघं हसले. मीही हसलो असेन, आता आठवत नाही म्हणायची सोय आहे. पेटी परत वर नेली, ट्रॅक्टरच्या शेणाच्या ट्रॉलीत ठेवली आणि सात किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यानं चर्चला आणली. पेटीच्या एका कोपऱ्याला शेण लागलं होतं. लेओंतीननं ते आपल्या काळ्या हातमोज्यानं पुसलं आणि तो हातमोजा थडग्यात टाकला. त्या दिवसापासून ती रेमोंशी एक शब्द बोलली नाही.

रेमोंचा डाव साधा होता. ज्या गाववाटेवर कुणी चालत नाही ती गावसभा विकू शकते, असा आमच्याकडे कायदा आहे. वाट त्याच्या दोन शेतांच्या मधून जाते. ती मेली की त्याला विकत घेऊन दोन्ही शेतं एक करायची होती. मेयरनं तारा काढायला लावल्या, पण रेमों खुशाल म्हणाला, "काढतो. गवतच माझं काम करील."

गवताला ते काम लेओंतीननं करू दिलं नाही. आधी एकटी चालली. मग शहाण्णव साली जिल्ह्याच्या पायवाट मंडळाची माणसं नवी वाट आखायला आली, तेव्हा हिनंच ब्रश हातात घेतला. पिवळी आडवी रेघ म्हणजे वाट बरोबर, पिवळी फुली म्हणजे इकडे येऊ नका. नदीपासून निघून, गडग्यांच्या कडेनं, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या आमच्या मेंढ्यांच्या माळावर जाणारी ती वाट हिनं बरोबर रेमोंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून नेली. त्याच्या फाटकाच्या खांबावर तर तीन रेघा मारल्या. मी म्हटलं, "एक पुरते." ती म्हणाली, "माणसं आंधळी असतात."

पुढच्या उन्हाळ्यात रेमोंच्या दारात जत्रा. कुणाला पाणी हवं, कुणाला संडास, कुणाची पोरं कोंबड्यांमागे धावताहेत. त्याची बायको मादो कानावर हात ठेवायची. रेमों कुत्रा सोडायचा, तर जर्मन बायका कुत्र्याला बिस्किटं घालायच्या. मी टपाल द्यायला गेलो की तो ओरडायचा, "सांग त्या हडळीला, मी मेलो तरी वाट माझीच!" मी निरोप पोचवायचो. लेओंतीन सुपात वाईन ओतून वाडगा तोंडाला लावायची आणि म्हणायची, "आज सूप चांगलं झालंय."

असं वीसेक वर्षं चाललं. मध्ये मादो गेली, मुलगा तुलूजला गेला तो गेलाच, कुत्रा मेला. आणि एका सप्टेंबरात, गावच्या कारंज्यापाशी आम्ही रंगाचे डबे धूत असताना एक बेल्जियन जोडपं बाटल्या भरायला आलं.

बाई म्हणाली, "मादाम, किती गोड म्हातारा आहे हो तो! वाटेवर दगडावर बसलेला. आम्हाला अक्रोड दिले, गाणं म्हणून दाखवलं."

"कुठला दगड?" लेओंतीननं विचारलं.

"तो सपाट. म्हणाला, रोज तिथेच बसतो. आमच्यासारखी माणसं येतात म्हणून तर तो अजून जिवंत आहे म्हणे. देव त्या वाटवाल्यांचं भलं करो, असंही म्हणाला."

ते जोडपं वळल्यावर लेओंतीननं ब्रश डब्यात आपटला. "माझ्या बापाची पेटी जिथे टेकायची होती, तिथे तो बूड टेकून बसतो? आणि मी वीस वर्षं त्याला पाहुणे पुरवते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात डबा घेऊन उभी. खोऱ्याच्या तोंडाशी, जिथे वाट फुटते तिथे, तिला फुली मारायची होती. नवी वाट नदीकाठानं नेणार होती. मंडळाला सांगितलं की वरच्या वाटेवर दगड सुटलेत. सुटलेले दगड मी तरी पाहिले नाहीत.

मी म्हटलं, "बाई गं, आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन कशाला? कुणी चाललं नाही तर वाट मरेल. मग ती त्याचीच होईल. तुझ्या बापाची वाट!"

"कुणी चाललं नाही कसं? मी चालेन."

"या गुडघ्यानं?"

"रोज. एक माणूस रोज चालला तरी वाट जिवंत. आणि त्याच्या दारावरून जाणारं माणूस एकच असेल, जे त्याच्याशी बोलत नाही."

तिनं ओकच्या खोडावर ती फुली अशी मारली की रंग माझ्या बुटांवर उडाला. आणि खरं सांगतो, मला ती तेव्हा आवडली नाही. पण मी डबा धरला.

सहा वर्षं हे चाललं. रेमों दगडावर बसलेला असायचा, एका मांडीवर अक्रोडांची टोपली. लेओंतीन आली की म्हणायचा, "बोंजूर, लेओंतीन." ती जायची. परत येताना पुन्हा, "बोंजूर, लेओंतीन." ती जायची. पावसात तो छत्री घेऊन बसायचा. मी एकदा तिला म्हटलं, "आता पुरे ना. पंचाऐंशीचा झालाय तो." ती म्हणाली, "माझा बाप एकाहत्तरचा होता."

या ऑक्टोबरात गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरनं तिला पंधरा दिवस उठू नकोस म्हणून बजावलं. तिनं मला बोलावलं. "वाट एक दिवसही रिकामी राहता कामा नये. तू चाल. आणि त्याच्याशी बोलायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. तीन दिवस पाळली. चौथ्या दिवशी रेमों दगडावरून उठून वाटेत उभा राहिला. "ओगुस्त, एवढंच सांग. ती गेली का?"

"गुडघा दुखतोय," मी म्हणालो.

तो मटकन खाली बसला. मग त्याच्याजवळ मीही बसलो. काय करणार? अक्रोडांचा हंगाम, त्याच्यापुढे हिरव्या सालींसकट ढीग पडला होता. बोलता बोलता मी त्याच्याबरोबर साली काढायला लागलो. निघताना त्यानं माझ्या खिशात मूठभर अक्रोड कोंबले.

संध्याकाळी लेओंतीनकडे गेलो. हात खिशातच ठेवले. तिनं विचारलं, "बोलला?"

"तो बोलला. मी नाही."

तिनं सूप वाढलं. चमचा मी बोटं मुठीत लपवून कसाबसा चालवला. तळाशी थोडं उरलं तसं तिनं सवयीनं माझ्या वाडग्यात लाल वाईन ओतली. इथला माणूस ती चमच्यानं पीत नाही. दोन्ही हातांनी वाडगा उचलतो आणि तोंडाला लावतो. मीही उचलला. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा डाग आठ दिवस साबणानं जात नाही, आणि माझी दहाही बोटं काळी होती. माझ्या घराच्या आवारात अक्रोडाचं झाड नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं माझ्या बोटांकडे बघितलं. "खिसा," ती म्हणाली.

मी अक्रोड टेबलावर ठेवले. तिनं ते रुमालात बांधले. "उद्या मी जाते."

"डॉक्टर..."

"डॉक्टरचा बाप ट्रॉलीतून गेला नव्हता."

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत निघाली, आणि पडली तर उचलायला म्हणून मी वीस पावलं मागे. एरवी वीस मिनिटांच्या उताराला तास लागला. रेमोंनं तिला पाहिलं आणि टोपी काढून उभा राहिला. "बोंजूर, लेओंतीन."

ती थांबली. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. रुमालाची गाठ सोडून तिनं अक्रोड त्याच्या पायांशी ओतले.

"माझ्या बापाला इथे टेकू दिलं नाहीस," ती म्हणाली. "तुझा दाणाही माझ्या घरात नको."

आणि गेली. एकदाही मागे न बघता, पाय ओढत. मी त्याच्यासमोरून जाताना रेमोंनं माझी बाही धरली. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसू होतं.

"बोलली, ओगुस्त," तो म्हणाला. "ऐकलंस ना तू? माझ्याशी बोलली."

चर्चपाशी लेओंतीन पायरीवर बसून गुडघा चोळत होती, चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान. विचारलं, "काय म्हणाला रे मेला? तोंड पडलं ना?"

"पडलं," मी म्हणालो. "अगदी काळं पडलं."