मागच्या दारातली खुळखुळ

माझा मामा गॅरेजवाला. गाडीत कुठे खुट्ट झालं की त्याचं डोकंच फिरायचं. जुनी गाडी त्याला दाखवल्याशिवाय घ्यायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

मला आवडलेली छोटी एसयूव्ही बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. "इंजिन ठणठणीत आहे, पण पार्टसाठी वणवण करशील," मामा म्हणाला. मग मालकांना शेजारी बसवून त्याने एक चक्कर मारली. मागच्या दारात काहीतरी खुळखुळत होतं.

"ते राहू द्या," मालक म्हणाले.

"विकणारा असंच म्हणतो," असं पुटपुटत मामाने थांबून दाराचं पॅनेल उघडलं. आतून एक निळा मणी निघाला. "गेली एकदाची कटकट!" म्हणत त्याने तो मालकांच्या हातावर ठेवला.

मालकांनी मूठ मिटली. "आमच्या मुलीने काचेच्या फटीतून ढकलला होता. ती आता नाही. ऐकवत नाही म्हणून तर गाडी विकतोय हो. पण तो आवाज बंद नव्हता करायचा."

मामाचा चेहरा उतरला. त्याने मणी मागून घेतला, परत आत टाकला, पॅनेल बसवलं आणि दार गदागदा हलवलं.

आत काहीच वाजलं नाही.